चार जणांचा पास

नियमकाकांना पाण्यावरच्या होडीत बसायची आवड आहे असं तुम्ही सोसायटीत कुणाला सांगितलं असतं, तर लोकांनी तुमच्याच कपाळाला हात लावून पाहिला असता. हा माणूस जिनासुद्धा डाव्या बाजूने चढायचा. तेहेतीस वर्षं वजनमाप खात्यात काढलेली, त्यातली शेवटची अकरा हेडक्लार्क म्हणून. एखाद्या दुकानदाराने तराजूच्या पारड्याखाली मेण चिकटवलं असेल तर काकांना म्हणे रस्त्याच्या पलीकडूनच कळायचं. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण लोक मागे त्यांना नियमकाकाच म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं.

सगळं सुरू झालं ते काकू गेल्यामुळे. म्हणजे तशा गेल्या नव्हत्या, देव त्यांना शंभर वर्षं देवो. त्या परदेशी मुलाकडे गेल्या होत्या, सुनेच्या बाळंतपणाला, तीन महिन्यांसाठी. तीन महिने झाले आणि बाळाला सर्दी झाली. मग बाळ पालथं पडू लागलं. बाळाची प्रगती अशी एकेक पायरी पुढे जात होती आणि प्रत्येक पायरी काकांच्याच मुळावर येत होती.

चौथ्या महिन्यात मुलाने कळवलं की सगळेच येतोय, महिनाभर राहू. आणि आनंदाच्या भरात त्याने गावाबाहेरच्या त्या मोठ्या थीम पार्कचा वर्षाचा कुटुंब पास काढून टाकला. चार जणांचा. आठवड्याने त्याची रजा नामंजूर झाली. पास मात्र मंजूर होऊन घरी आला. चकचकीत कार्ड, त्यावर चौघांची नावं आणि शेजारी हसणारं अस्वल.

"बाबा, पुढच्या महिन्यात नक्की येतोय," मुलगा म्हणाला.

"अहो, तोवर तुम्ही जाऊन या की," फोनच्या पडद्यावरून काकू म्हणाल्या. त्यांचं फक्त कपाळ आणि पंखा दिसत होता. "घरात बसून भिंती मोजताय त्यापेक्षा बरं."

भिंती मोजतोय हे हिला कसं कळलं, याचं काकांना नवल वाटलं. खरोखरच त्यांनी त्याच आठवड्यात बैठकीच्या खोलीची मापं घेतली होती आणि एक भिंत दुसरीपेक्षा पाऊण इंच कमी निघाली होती.

तर एका गुरुवारी, इस्त्रीचा सदरा घालून, काका पार्कच्या गेटवर हजर झाले. गेटवर टोपी घातलेली एक मुलगी बसली होती. तिने कार्ड यंत्राला लावलं आणि मान हलवली.

"काका, हा कुटुंब पास आहे. निदान दोघं तरी लागतात."

"कुठे लिहिलंय?"

तिने एक पुस्तिका पुढे केली. कलम चौदा, पोटकलम आ. काकांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. खरं सांगायचं तर भांडायच्या तयारीने वाचायला घेतलं, पण नियम इतका नेटका होता की त्यांना भांडवेना. 'कुटुंब म्हणजे एकाच वेळी प्रवेश करणाऱ्या किमान दोन व्यक्ती.' खात्यात असा मसुदा लिहिणारा कारकून असता, तर काकांनी त्याला बढती दिली असती. मागे रांगेतली पोरं ढकलत होती. काकांनी पुस्तिका मिटली, "बरोबर आहे" म्हणाले आणि दीड तासाचा बसप्रवास करून घरी परत आले.

सोसायटीत बातमी पसरायला तेवढा वेळ पुष्कळ होता. सेक्रेटरीबाई, ज्या ही सोसायटी एखाद्या छावणीसारखी चालवत, त्यांचा सल्ला होता की ग्राहक मंचाकडे जा. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचा कंपाउंडर म्हणाला, "काका, या वयात मानेला झटका बसला तर पट्टा लागतो. आमच्याकडे आहे पट्टा." तळमजल्यावरचा शिंपी तेवढा कामाचं बोलला. "गुरुवारी माझं दुकान बंद असतं. मी येतो."

पुढच्या गुरुवारी शिंपी गळ्यातल्या टेपसकट आला. गेट उघडलं. आणि पहिल्याच गरगर फिरणाऱ्या पाळण्यात शिंप्याने जे काही सकाळी खाल्लं होतं ते चार दिशांना वाटून टाकलं. उरलेला दिवस तो एका झाडाला टेकून बसला होता. "काका," तो म्हणाला, "शिवणयंत्रावर आमचं एक असतं. पाय फिरले पाहिजेत आणि डोकं जागेवर पाहिजे. इथे उलटं आहे." तो पुन्हा आला नाही, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता.

पण काकांना तोवर होडी सापडली होती. पार्कच्या मागच्या अंगाला, जिथे फारसं कुणी फिरकत नसे, एक कृत्रिम ओढा होता. त्यात हळू, अगदी चहा निवावा इतक्या हळू, चार जणांची होडी एका गुहेत जाई. गुहेत यंत्राची अस्वलं वाकून नमस्कार करत आणि एक बाईचा आवाज म्हणे, "या! आम्ही तुमचीच वाट पाहत होतो." आवाज घासलेला होता, 'पाहत'पाशी दर वेळी अडखळायचा. काका त्या दिवशी पाच वेळा बसले.

तिसऱ्या गुरुवारी ते एकटेच गेटवर उभे राहिले. मुलीने त्यांच्याकडे पाहिलं, मागे पाहिलं.

"बाकीचे मागून येतायत का, काका?"

आता इथे माणसाने नाही म्हणावं. तेहेतीस वर्षांत ज्याने एक किलोच्या जागी नऊशे नव्व्याण्णव ग्रॅम लिहिलं नाही, त्याने तर म्हणावंच. पण काकांच्या मनात आलं की मुलगा रोज फोनवर दुसरं काय सांगतोय?

"येतायत," ते म्हणाले.

मुलीने चारदा बटण दाबलं. यंत्र चारदा टुंग वाजलं. काका आत गेले.

मग दर गुरुवारी तेच. "येतायत ना?" "येतायत." टुंग, टुंग, टुंग, टुंग. काकांना पहिले काही आठवडे रात्रभर कूस बदलावी लागली, मग सवय झाली. मनाचंही तराजूसारखंच असतं. एकदा काटा सरकला की तेच शून्य वाटू लागतं. होडीवाला त्यांना ओळखू लागला. चार जणांच्या होडीत एकटा माणूस बसला की ती एका अंगाला कलते, म्हणून तो समोरच्या बाकावर वाळूची एक गोणी ठेवी आणि मग होडी सोडी. काका गोणीकडे तोंड करून बसत. दोन-तीनदा त्यांनी तिला हवापाण्याबद्दल काही सांगितलंही असेल. गुहेत अंधार असतो, तिथे कोण ऐकायला बसलंय?

"कुणाबरोबर जाता हो?" काकू विचारत.

"आहे कंपनी," काका म्हणत.

एकदा मात्र फजिती झाली. होडी दुरुस्तीला काढली होती, म्हणून काका हरवलेल्या मुलांच्या कक्षाबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. तिथे बसायला त्यांना बरं वाटे. दर थोड्या वेळाने एखादं रडणारं पोर आणलं जाई, मग कर्ण्यावर घोषणा होई, मग धापा टाकत आई येई, आधी चापट मारी आणि मग छातीशी धरी. काकांनी असे तीन मुलांचे निकाल लागलेले पाहिले. चौथ्याची वाट पाहत असताना कक्षातली बाई बाहेर आली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "आजोबा, तुम्ही कुणाबरोबर आलायत?"

"कुटुंबाबरोबर," काकांच्या तोंडून सवयीने गेलं.

"आणि ते कुठे आहेत?"

"येतायत."

बाईने त्यांचा हात धरला, आत नेऊन छोट्या निळ्या खुर्चीवर बसवलं, हातात लिमलेटची गोळी दिली आणि ते काही म्हणायच्या आत पार्कभर आवाज घुमला: "पांढरा सदरा घातलेले, चष्मा असलेले एक आजोबा आमच्याकडे सुखरूप आहेत. त्यांच्या घरच्यांनी त्यांना घेऊन जावं."

काका ताडकन उठणार होते. पण खुर्ची लहान मुलांची होती आणि तिच्यातून उठणं हे एकट्याचं काम नव्हतं. शिवाय, हे त्यांनी पुढे कुणालाही सांगितलं नाही, कर्ण्यावरची घोषणा ऐकल्यावर त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. शेजारच्या खुर्चीवरचा एक मुलगा त्याच्या मावशीने नेला. दोन जुळ्या बहिणींना त्यांच्या आईने नेलं. घोषणा तीनदा झाली. चाळीस मिनिटं झाली. कोणी आलं नाही. येणार कोण होतं, हे त्या खोलीत फक्त काकांनाच माहीत होतं, तरी सगळ्यात जास्त वाईट त्यांनाच वाटलं.

शेवटी त्यांनी बाईला निवृत्तीचं ओळखपत्र दाखवलं. बाई ओशाळली, पण नोंद झाली होती, तेव्हा फॉर्म भरल्याशिवाय सोडता येईना. 'ताब्यात घेणाऱ्याचे नाव.' काकांनी स्वतःचं नाव लिहिलं. 'हरवलेल्या व्यक्तीशी नाते.' यावर त्यांनी बराच विचार केला आणि 'स्वतः' असं लिहून खाली सही केली. गोळी परत करायला लागले तर बाई म्हणाली, "असू दे, आजोबा."

दहा महिने असे गेले. आणि एक दिवस पार्कचं पत्र आलं. 'अभिनंदन! आपल्या कुटुंबाने यंदा सर्वाधिक, म्हणजे एकेचाळीस वेळा, भेट दिली आहे. वर्षातलं सर्वांत हौशी कुटुंब म्हणून आपणा चौघांचा सत्कार करण्यात येईल. चौघांचा फोटो प्रवेशद्वारावर लावण्यात येईल.'

काकांनी पत्र तीनदा वाचलं आणि पंखा लावला.

दुसऱ्या दिवशी ते नकार द्यायला पार्कच्या कचेरीत गेले. मॅनेजर तिशीचा होता, कमरेला वॉकीटॉकी आणि चेहऱ्यावर कायमचा उत्साह. "नकार? का? काही तक्रार आहे का? नोंदी तपासू का आपण? गेटवर कोण असतं त्या दिवशी?" असं म्हणून त्याने खरोखरच संगणकाकडे हात नेला. नोंदी त्या पोरीने केल्या होत्या. चाळीस खोट्या नोंदी. खात्यात एका नोंदीवर माणूस घरी जायचा.

"नको, नको," काका म्हणाले. "येतो आम्ही. सगळे."

मुलाला फोन केला. मुलगा म्हणाला, "बाबा, आत्ता शक्यच नाही, पण पुढच्या..." काकांनी "बरं" म्हणून ठेवून दिला.

मग सोसायटीची बैठक बसली. काकांनी बसवली नव्हती. ती शिंप्याच्या दुकानात आपोआप बसली. एका पोरीची नोकरी जातेय म्हटल्यावर सेक्रेटरीबाईंनी पदर खोचला.

"मी तुमची बायको होते," त्या म्हणाल्या. "माझी काही हरकत नाही."

हे वाक्य काकांना कुठल्याही नियमात बसवता येईना.

मुलगा म्हणून कंपाउंडर ठरला. तो पंचेचाळीसचा होता, पण केस काळे करायला तयार झाला. सून म्हणून त्याची बायको. अडचण एवढीच होती की त्या दोघांनी नव्या पडद्यांच्या रंगावरून चार दिवस अबोला धरला होता. "त्यांना सांगा, मी काकांसाठी येतेय," ती शिंप्याला म्हणाली. "तिला सांगा, मीही," कंपाउंडर शिंप्याला म्हणाला. शिंप्याला वाटलं, एकसारखे कपडे असले की घर एक दिसतं. त्याने चौघांना एकाच कापडाचे सदरे शिवले. कापड त्याच्याकडे कुठून आलं, तर तेच, पडद्याचं, कंपाउंडरच्या बायकोने नापसंत करून परत पाठवलेलं. नारिंगी, त्यावर जांभळी फुलं. शिवाय ते कमी पडलं, त्यामुळे मुलाच्या बाह्या कोपराच्या वर संपल्या. काकांनी आरशात पाहिलं. तेहेतीस वर्षांची अब्रू जांभळ्या फुलांत कुठे दिसेना.

सत्काराच्या दिवशी मंचासमोर दोन-तीनशे माणसं होती. बाजूला टोपीवाली मुलगीही उभी होती, पांढरीफटक. माणसाच्या उंचीचं अस्वल येऊन काकांना मिठी मारून गेलं. मॅनेजरने ध्वनिक्षेपक धरला.

"तर सांगा, चिरंजीव, इथला तुमचा सगळ्यात आवडता खेळ कोणता?"

कंपाउंडरने पार्क आतून प्रथमच पाहिलं होतं. "कॅरम," तो म्हणाला.

लोक हसले. मॅनेजर सुनेकडे वळला. "आणि यांच्यातली कुठली गोष्ट तुम्हाला आवडते?"

"रंगाची पारख सोडून सगळं," ती म्हणाली आणि नवऱ्याकडे न बघता पुढे म्हणाली, "त्यांना सांगा."

"आणि काकू, इतक्या वर्षांच्या संसाराचं रहस्य?"

"मेंटेनन्स वेळेवर," सेक्रेटरीबाई म्हणाल्या.

आणि नेमका तेव्हा काकांचा फोन वाजला. ही काकूंची रोजची वेळ. तिकडे सकाळ होते, घर रिकामं होतं आणि त्या फोन करतात. चौदा महिन्यांत काकांनी हा फोन एकदाही चुकवला नव्हता. हात आपोआप खिशात गेला, बोट आपोआप हिरव्या खुणेवर पडलं. पडद्यावर कपाळ आणि पंखा आला.

"अहो, हा सदरा कुठला?" कपाळ म्हणालं. ध्वनिक्षेपक जवळच होता. सगळ्या पार्कने ऐकलं.

"कोण आहेत या?" मॅनेजरने हसत विचारलं.

"माझी बायको," काका म्हणाले.

मॅनेजरने सेक्रेटरीबाईंकडे पाहिलं. सेक्रेटरीबाईंनी आकाशाकडे पाहिलं.

काकांना अजूनही काहीतरी सांगता आलं असतं. बहीण, विहीण, काहीही. पण बाजूला त्या मुलीचा चेहरा दिसत होता, आणि समोर तीनशे माणसं, आणि काकांना एकदम फार थकवा आला. त्यांनी फोन खिशात टाकला आणि ध्वनिक्षेपक स्वतःच्या हातात घेतला.

"हे माझं कुटुंब नाही. हे शेजारी आहेत, माझ्यासाठी आले. एकेचाळीस वेळांपैकी एकदा शिंपी होता. चाळीस वेळा मी एकटा आलो आणि गेटवर चौघं आहोत म्हणून सांगितलं. या मुलीचा काही दोष नाही. खोटं मी बोललो. तारखा माझ्या डायरीत आहेत, त्या मी लेखी देतो."

"पण मग बाकीचे तिघं?" मॅनेजर गोंधळून म्हणाला.

"येणार होते," काका म्हणाले.

कोणी हसलं नाही. हसले असते तर काकांना सोपं गेलं असतं.

कचेरीत त्यांनी दीड पानी निवेदन लिहून दिलं. मॅनेजरने ते वाचलं, वॉकीटॉकीवर कुणाशी तरी बोलला, पुन्हा वाचलं. पास रद्द झाला. करंडक दुसऱ्या क्रमांकाच्या कुटुंबाला गेला, ज्यांची पोरं तो कुणी धरायचा यावरून मंचावरच एकमेकांच्या झिंज्या उपटत होती. मुलीला समज देऊन लॉकरच्या खिडकीवर बसवलं. नोकरी मात्र राहिली.

निघताना ती फाटकापर्यंत आली. "काका, मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"यंत्र बाहेर जाणारेही मोजतं. आत चार, बाहेर एक. पहिल्याच महिन्यात कळलं होतं."

"मग तू चार का दाबायचीस?"

"एक दाबलं की दार उघडत नाही ना," ती म्हणाली.

परतीच्या बसमध्ये चार नारिंगी सदरे एका ओळीत बसले होते. कंपाउंडर खिडकीबाहेर बघत बायकोला म्हणाला, "तसा वाईट नाहीये गं हा रंग." ती म्हणाली, "वाईटच आहे." पण थेट त्याला म्हणाली. सेक्रेटरीबाईंनी डुलकी काढली. काका ओळीच्या टोकाला बसले होते, सदऱ्यावरची जांभळी फुलं मोजत.

घरी येऊन काकांनी दिवा लावला तोच फोन वाजला.

"अहो, तुम्ही फोन बंद न करताच खिशात टाकलात," काकू म्हणाल्या. "मी सगळं ऐकलं."

काकांनी फोन टेबलावर उभा केला.

"चाळीस वेळा?"

"मोजून."

"मला म्हणालात, आहे कंपनी."

"तू म्हणालीस, बाळाला पाळणाघराची सवय झाली की येते."

"बाळाला केव्हाच झाली," काकू म्हणाल्या. मग कपाळ हललं आणि पडद्यावर पहिल्यांदाच त्यांचा सगळा चेहरा आला. डोळ्यांखाली काळं झालं होतं. "मला होत नाहीये. सकाळी सगळे जातात हो इथून. मग मी समोरच्या थांब्यावर बसमध्ये बसते."

"कुठे जाते ती बस?"

"कुठेच नाही. गावाला वळसा घालून पुन्हा इथेच येते. ड्रायव्हर ओळखतो आता. हात करतो मला."

चौदा महिन्यांत काकांनी तिला बाळाची सर्दी विचारली होती, तिथलं तापमान विचारलं होतं, नळाला पाणी किती दाबाने येतं तेही विचारलं होतं. मुलाचं घर, सुनेची अडचण, आपण आड कशाला यायचं, म्हणून एक गोष्ट तेवढी तोंडातून काढली नव्हती.

"ये ना गं," काका म्हणाले. "मला करमत नाही."

काकू पदराने काहीतरी पुसत होत्या; चष्मा असेल. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या पलंगावरची गादी चौदा महिने तशीच पडली असेल. कोंदट वास येत असेल तिला. उन्हात घाला आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका गादी घेऊन गच्चीवर निघाले. अर्ध्या जिन्यात ती अडकली. शिंप्याने खालून सल्ला दिला की आडवी करा, सेक्रेटरीबाईंनी वरून सांगितलं की गच्चीवर गाद्या घालायला परवानगी लागते, आणि मग त्याच खाली उतरून एक टोक धरायला आल्या. तिकीट कधीचं मिळतंय ते अजून काही ठरलं नव्हतं. मुलगा बघतो म्हणाला होता. काकांनी गादी एका बाजूने तापवली, उलटी केली, दुसऱ्या बाजूने तापवली आणि ऊन उतरल्यावर खाली आणली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वर नेली.